तुरुंगात भरलेली नगरपालिका



इतिहासाच्या पुस्तकांत पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपते. त्या दिवशी तोफा थांबल्या, लंडनच्या रस्त्यांवर लोक नाचले, आणि पुढच्या प्रकरणात तहाची कलमे सुरू होतात. परंतु युद्धाचा हिशेब तोफा थांबल्याने मिटत नाही. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज १९१४ साली सुमारे ६५ कोटी पौंड होते. युद्ध संपून हिशेब झाला तेव्हा ते ७०० कोटींच्या वर गेलेले होते. हे पैसे कोणी फेडायचे? युद्ध संपल्यावर प्रत्येक देशात हा प्रश्न उभा राहतो, आणि बहुधा त्याचे उत्तर सभागृहात मिळण्याआधी गरिबाच्या चुलीपाशी मिळते.

आज मी आपणांस लंडनच्या पूर्व भागातील पॉप्लर नावाच्या एका गरीब वस्तीची हकीगत सांगणार आहे. तेथील नगरपालिकेचे ३० सभासद १९२१ साली आपण होऊन तुरुंगात गेले. त्यांनी अफरातफर केली नव्हती की दंगल माजवली नव्हती. गरिबांवर आणखी एक पट्टी बसवण्यास त्यांनी नकार दिला, एवढाच त्यांचा गुन्हा होता. आपल्याकडे नगरपालिकेचे नाव काढले की नळ, गटारे आणि दिवे डोळ्यांपुढे येतात. त्या संस्थेत इतिहास घडू शकतो असे आपल्याला सहसा वाटत नाही. म्हणूनच हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

गोदीच्या काठची वस्ती

टेम्स नदी लंडन शहर सोडून समुद्राकडे वळते तेथे पॉप्लर आहे. ईस्ट इंडिया गोदी आणि वेस्ट इंडिया गोदी याच भागातल्या. आपल्या देशाचा चहा, ताग आणि मसाले वर्षानुवर्षे येथे उतरले. आपल्या कोकणकिनाऱ्यावरचे खलाशीही बोटींवर चाकरी करीत या बंदरापर्यंत पोचत. आशियाई खलाशांसाठी वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली एक वसतिगृहही निघाले होते. जगाची संपत्ती या धक्क्यावर उतरत होती. परंतु ती उतरवून घेणारा हमाल मात्र रोज सकाळी गोदीच्या दारापाशी उभा राहून आज काम मिळेल की नाही याची वाट पाहत असे. मिळाले तर अर्ध्या दिवसाचे. न मिळाले तर तसेच परत.

युद्धाने या वस्तीला दुहेरी फटका दिला. तरुण फ्रान्सच्या खंदकांत गेले, आणि १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी टाकलेला एक बॉम्ब पॉप्लरच्या अपर नॉर्थ स्ट्रीटवरील शाळेत पडून १८ मुले ठार झाली. बहुतेक मुले पाच-सहा वर्षांची होती. त्यांचे स्मारक आजही तेथील बागेत आहे.

याच वस्तीत युद्धाला विरोध करणारी माणसेही होती. सिल्व्हिया पँकहर्स्ट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी युद्धाच्या आरंभापासून येथे ना नफा ना तोटा तत्त्वावर भोजनगृह चालवले, आणि बंद पडलेल्या एका दारूच्या गुत्त्यात तान्ह्या मुलांसाठी दवाखाना व पाळणाघर काढले. युद्ध नको म्हणणारा माणूस तेव्हा देशद्रोही ठरे, हे सांगायला नकोच. परंतु ज्या बाईने आपल्या मुलाला दूध दिले तिला देशद्रोही म्हणणे शेजारणीच्या जिभेवर येत नसे. पॉप्लरच्या चळवळीचे मर्म मला येथे दिसते. तेथे युद्धाचा निषेध आणि मुलाचे दूध ही दोन कामे वेगळी नव्हती. तीच माणसे दोन्ही करीत होती.

या माणसांचा पुढारी जॉर्ज लॅन्सबरी. मोठा देह, मोठा आवाज, ख्रिस्तावर नितांत श्रद्धा, आणि दारिद्र्य हा देवाचा कोप नसून माणसांनी केलेली व्यवस्था आहे हा ठाम विश्वास. १८९३ पासून तो पॉप्लरच्या गार्डियन मंडळावर, म्हणजे निराधारांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळावर, निवडून येत होता. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्याने १९१२ साली पार्लमेंटमधील जागा सोडून पुन्हा निवडणूक लढवली आणि ती हरला. युद्धकाळात त्याच्या ‘हेरल्ड’ पत्राने शांततेची बाजू सोडली नाही. नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत पॉप्लर नगरपालिकेच्या ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या आणि लॅन्सबरी मेयर झाला. गोदी कामगार, रेल्वे कामगार, शिक्षिका, गृहिणी अशी ही नवी नगरपालिका होती.

‘जॉली जॉर्ज’ बोट

नगरपालिकेच्या लढ्याकडे वळण्यापूर्वी त्या गोदीतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९२० च्या वसंतात पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांचे युद्ध भडकले होते. मे महिन्याच्या आरंभी पोलिश सैन्य कीव्हमध्ये शिरले. त्याच सुमारास ईस्ट इंडिया गोदीत ‘जॉली जॉर्ज’ नावाच्या बोटीवर पोलंडसाठी दारूगोळा चढवला जात होता. महिनोन्‌महिने गोदीच्या दारांवर सभा होत होत्या, पत्रके वाटली जात होती. हॅरी पॉलिट नावाचा एक तरुण बॉयलर-कारागीर त्यांत आघाडीवर होता. अखेर १० मे १९२० रोजी कामगारांनी पेट्या चढवण्यास नकार दिला. कोळसा भरणाऱ्यांनी कोळसा भरला नाही. बोट जागची हलली नाही, आणि चढवलेला माल पुन्हा धक्क्यावर उतरवावा लागला.

ऑगस्टमध्ये रशियन सैन्य वॉर्साच्या रोखाने निघाले. ब्रिटन युद्धात उतरणार अशी चिन्हे दिसू लागताच मजूर पक्ष व कामगार संघटनांनी मिळून कृतिसमिती स्थापली आणि सार्वत्रिक संपाचा इशारा दिला. गावोगावी तशाच स्थानिक समित्या निघाल्या. ब्रिटन युद्धात पडले नाही. याचे सारे श्रेय कामगारांना देणे खरे होणार नाही, कारण त्याच महिन्यात वॉर्सापाशी रशियन सैन्याचा पराभव झाला आणि प्रश्नच बदलला. शिवाय पोलंडच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल की ती शस्त्रे आमच्या स्वातंत्र्यासाठी होती. आणि त्याचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. इतिहासात एकाच पेटीवर दोन चिठ्ठ्या असू शकतात. परंतु लंडनच्या हमालापुरते बोलायचे तर त्याने एक गोष्ट शोधून काढली: राज्ययंत्र कितीही प्रचंड असो, त्याचे ओझे शेवटी कोणाच्या तरी पाठीवरून जाते, आणि ती पाठ नाही म्हणू शकते.

एका पेनीची किंमत

आता नगरपालिका. लॅन्सबरीच्या नगरपालिकेने पहिल्या वर्षात झपाट्याने कामे केली: घरे, स्नानगृहे, ग्रंथालये, मुलांना दूध, क्षयरोग्यांची व्यवस्था. नगरपालिकेच्या कोणत्याही कामगाराला आठवड्याला ४ पौंडांपेक्षा कमी वेतन नाही, आणि स्त्रीपुरुषांस सारखेच, असा नियमही १९२० मध्ये तिने केला.

एवढ्यात मंदी आली. १९२१ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये वीस लाखांहून अधिक लोक बेकार होते. त्यांतले कितीतरी कालपर्यंत खंदकांत लढलेले शिपाई होते. ज्यांना ‘वीरांना शोभतील अशी घरे’ देण्याचे वचन सरकारने दिले होते तेच हे. आणि सरकार काय करीत होते? ऑगस्ट १९२१ मध्ये सर एरिक गेडिस यांच्या अध्यक्षतेखाली काटकसरीची समिती नेमली गेली. तिने पुढे सुमारे ८.७ कोटी पौंडांच्या कपातीच्या शिफारसी केल्या. सैन्य आणि आरमार यांवरही तिची कुऱ्हाड चालली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु शाळा, आरोग्य आणि घरबांधणी याही तिच्या घावातून सुटल्या नाहीत. युद्धकर्जाच्या व्याजाला मात्र कोणाची कुऱ्हाड लागली नाही.

बेकाराला अन्न कोणी द्यायचे? कायदा म्हणे, त्या त्या भागातील गार्डियन मंडळाने, तेथील घरपट्टीतून. आपण येथे बसलेले बहुतेक जण घरपट्टी भरणारे आहोत, तेव्हा यातली मेख आपल्याला लवकर समजेल. घराच्या वार्षिक भाड्याच्या प्रत्येक पौंडामागे एक पेनी पट्टी बसवली तर श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये सुमारे ३१,७०० पौंड जमत. पॉप्लरमध्ये जेमतेम ३,६४० पौंड. म्हणजे जेथे बेकार थोडे तेथे पैसा भरपूर, आणि जेथे बेकार फार तेथे पैसा नाही. वर्कहाउसमध्ये ठेवलेल्या निराधारांचा काही खर्च १८६७ पासून सबंध लंडनच्या सामायिक निधीतून भागत होता. घरी राहून मदत घेणाऱ्याचा खर्च मात्र ज्याच्या त्याच्या माथी. गरिबाचे पोट गरीब शेजाऱ्याने भरावे, असा हा न्याय होता.

आणि यावर आणखी एक भार. लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालये चालवणारे मंडळ यांच्यासाठीची पट्टीही प्रत्येक नगरपालिकेने गोळा करून द्यावयाची असे. मार्च १९२१ मध्ये पॉप्लरच्या सभासदांनी ठरवले: आमच्या बेकारांना पोसण्याची पट्टी आम्ही गोळा करू, नगरपालिकेच्या कामांची करू; पण या चार वरिष्ठ संस्थांसाठी एक पेनीही गोळा करणार नाही. सबंध लंडनने गरिबीचा भार वाटून घेतला, तरच आम्ही सबंध लंडनचा भार उचलू.

काउंटी कौन्सिलने दावा लावला. २९ जुलै १९२१ रोजी पॉप्लरची नगरपालिका हायकोर्टाकडे निघाली, ती पायी. पुढे मानदंड घेतलेला चोपदार, मागे गळ्यात अधिकाराची साखळी घातलेले मेयर सॅम मार्च, त्यांच्यामागे सभासद आणि सुमारे दोन हजार माणसे. त्यांच्या फलकावर लिहिले होते की नगरपालिका हायकोर्टाकडे चालली आहे, आणि कदाचित तेथून तुरुंगाकडे.

तो मोर्चा ज्या स्ट्रँड रस्त्यावरील न्यायमंदिराशी थांबला, तेथून चार पावलांवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. त्या वर्षी तेथे एक मराठी विद्यार्थी शिकत होता: भीमराव रामजी आंबेडकर. त्याच १९२१ साली त्यांना एम. एस्सी. ची पदवी मिळाली आणि प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या अर्थव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. कर कोणी गोळा करायचा, खर्च कोणाच्या माथी मारायचा, आणि वरच्या तिजोरीने खालच्या तिजोरीशी कसे वागायचे, हाच त्याही ग्रंथाचा प्रश्न. एकाच शहरात, एकाच वर्षी, ग्रंथालयात आणि रस्त्यावर एकाच जातीच्या प्रश्नाचा विचार चालला होता.

तुरुंगातील सभा

न्यायालयाने पट्टी बसवण्याचा हुकूम केला. सभासदांनी तो मानला नाही. १ सप्टेंबरपासून अटका सुरू झाल्या. २५ पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात आणि ५ स्त्रिया हॉलोवेच्या तुरुंगात गेल्या. त्या स्त्रियांत नेली क्रेसॉल गरोदर होत्या. सुसान लॉरेन्स या सुखवस्तू घराण्यातील विदुषी होत्या. आणि लॅन्सबरीची सून मिनी ही एका ज्यू कोळसेविक्याची मुलगी, पूर्वी शिक्षिका असलेली, होती.

पुढे जे घडले ते सरकारच्या कल्पनेबाहेरचे होते. रोज तुरुंगाबाहेर गर्दी जमू लागली, आणि लॅन्सबरी खिडकीच्या गजांतून तिच्याशी बोलू लागला. नगरपालिका तर बरखास्त झालेली नाही. मग तिचे कामकाज कसे चालायचे? सभासदांनी हट्ट धरला, आणि ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच नगरपालिकेच्या सभा भरू लागल्या. हॉलोवेहून स्त्री-सभासदांना मोटारीने आणले जाई. ज्या कोर्टाने त्यांना कायदा मोडल्याबद्दल डांबले होते, त्याच राज्याच्या तुरुंगात बसून ते कायदेशीर इतिवृत्ते लिहीत होते. त्यांचा वकील डब्ल्यू. एच. थॉम्प्सन हा स्वतः युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिल्याबद्दल तुरुंग भोगून आलेला. कैद्यांची बाजू कोणी मांडावी याचा निर्णय जणू परिस्थितीनेच केला होता.

सर्व मजूर पुढारी त्यांच्या बाजूस होते असे मात्र नाही. हॅकनीचे मेयर हर्बर्ट मॉरिसन यांचा या मार्गाला विरोध होता. निवडून आलेल्या संस्थेनेच कायदा मोडला तर उद्या आपली सत्ता आल्यावर आपले कायदे श्रीमंतांनी का पाळावेत, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप क्षुद्र नाही. लोकशाही मानणाऱ्या प्रत्येकाने तो मनात घोळवला पाहिजे. मॉरिसन आणि इतर मजूर मेयर सप्टेंबरमध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना भेटण्यासाठी थेट स्कॉटलंडमधील गेअरलॉकला गेले. अर्ज, शिष्टमंडळ, विनंती हा त्यांचा सनदशीर मार्ग. आपल्याकडे नेमस्त आणि जहाल यांचा जो वाद झाला त्याचीच ही आवृत्ती. परंतु मला एक प्रश्न विचारावासा वाटतो: ब्रिक्स्टनमध्ये ती माणसे बसलेली नसती, तर गेअरलॉकच्या शिष्टमंडळासाठी दार किती उघडले असते? विनंती करणाऱ्याच्या शब्दाला वजन आले होते ते तुरुंगात बसलेल्यांमुळे.

मग शेजारच्या बेथनल ग्रीन आणि स्टेपनी या नगरपालिकांनीही पॉप्लरच्या मार्गाने जाण्याचे ठराव केले. क्लेमंट ॲटली हे या स्टेपनीचे आधीच्या वर्षीचे मेयर. पुढे १९४७ साली हेच आपल्या स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान होते. एक नगरपालिका तुरुंगात टाकता येते. पण अख्खे पूर्व लंडन टाकायचे तर तुरुंग पुरायचे नाहीत. १२ ऑक्टोबर १९२१ रोजी, सहा आठवड्यांनी, सर्वांची सुटका झाली. त्यांनी माफी मागितली नव्हती, हुकूम पाळण्याचे वचनही दिले नव्हते. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला आणि घरी राहून मदत घेणाऱ्या गरिबांचा खर्चही सबंध लंडनच्या सामायिक निधीवर पडला. वेस्टमिन्स्टरची पेनी पॉप्लरच्या बेकाराच्या ताटात पोचली.

जमाखर्च

विजयाची कथा येथे थांबवली असती तर ती गोड वाटली असती. परंतु व्याख्यात्याने दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. १ जानेवारी १९२२ रोजी मिनी लॅन्सबरी न्यूमोनियाने वारली. वय ३२. तुरुंगातून सुटून तिला तीन महिनेही झाले नव्हते. बो रस्त्यावर तिच्या स्मरणार्थ लावलेले घड्याळ आजही आहे. सरकारने मदतीच्या रकमांवर मर्यादा घालण्याचा खटाटोप लगेच सुरू केला. आणि १९२५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे तेव्हाच्या लॉर्डांच्या सभेने, ४ पौंडांचे किमान वेतन बेकायदेशीर ठरवले. स्त्रीपुरुषांना समान वेतन द्यावे ही न्यायाधीशांना एक विक्षिप्त कल्पना वाटली. आज तो निकाल वाचताना विक्षिप्त कोण होते, हे विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

लॅन्सबरीची पुढची कहाणी अधिक अवघड आहे. १९३२ साली तो मजूर पक्षाचा नेता झाला. १९३५ मध्ये मुसोलिनीने ॲबिसिनियावर आक्रमण केले तेव्हा निर्बंध लादायचे की नाही हा प्रश्न आला, आणि बळाचा वापर कोणत्याही रूपात मान्य नसलेल्या लॅन्सबरीला नेतृत्व सोडावे लागले. १९३७ साली हा वृद्ध गृहस्थ युद्ध टाळण्यासाठी हिटलर आणि मुसोलिनी यांना जाऊन भेटला. त्याचा हेतू निर्मळ होता. परंतु ती भेट व्यर्थ गेली. मे १९४० मध्ये, युद्ध ऐन भरात असताना तो वारला.

एकच माणूस, एकच श्रद्धा. मग १९२१ साली यश आणि १९३७ साली अपयश का? माझ्या मते उत्तर साधे आहे. पॉप्लरमध्ये तो एकटा नव्हता. त्याच्यामागे तीस वर्षांचे काम होते, दूध मिळालेली मुले होती, भाकरी मिळालेले बेकार होते, शेजारच्या वस्त्या होत्या. मागणी मोजकी होती आणि ती मान्य करणे सरकारला शक्य होते. नकार देणाराच त्याची किंमतही भोगत होता. बर्लिनला तो गेला तेव्हा त्याच्यापाशी केवळ सदिच्छा होती. समोरच्या सत्तेला लाज वाटण्याची सोयच जेथे उरलेली नाही, तेथे नुसत्या सदिच्छेचे फार चालत नाही.

आपल्या देशाशी या वस्तीचा एक धागा शेवटी सांगतो. ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया’ विधेयक १९२५ साली पार्लमेंटमध्ये मांडले ते याच लॅन्सबरीने. आणि १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला गेले तेव्हा सरकारी पाहुणचार नाकारून त्यांनी बो भागातील किंग्सली हॉलमध्ये मुक्काम केला. ते हॉल १९१५ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत, ज्या लेस्टर भगिनींनी काढले त्यांतील म्यूरिएल लेस्टर पुढे पॉप्लर नगरपालिकेत बालसंगोपन समितीचे काम पाहत होत्या. सत्याग्रहाचा आचार्य सत्याग्रह केलेल्या वस्तीत येऊन राहिला. तेथील लोकांना त्याचे पंचे-उपरणे पाहून नवल वाटले असेल. त्याचे म्हणणे मात्र त्यांना नवे वाटण्याचे कारण नव्हते.

पॉप्लर ही स्वतंत्र नगरपालिका १९६५ साली टॉवर हॅम्लेट्समध्ये विलीन झाली. गार्डियन मंडळे त्याआधीच, १९३० मध्ये, इतिहासजमा झाली होती. नेली क्रेसॉल, जी गरोदर असताना तुरुंगात गेली, ती १९४३ साली त्याच पॉप्लरची मेयर झाली, पुन्हा एका महायुद्धात, पुन्हा बॉम्बच्या छायेत. संस्था जातात, नावे बदलतात, पण मोठ्या खर्चाचा हिशेब खालच्या माणसाच्या दारात आणून ठेवण्याची सवय राज्यकर्त्यांना अजून सुटलेली नाही. तो कागद दारात येईल तेव्हा निमूटपणे सही करण्यापूर्वी पॉप्लरच्या सभासदांनी विचारलेला प्रश्न आपणही विचारावा: हा भार सर्वांचा आहे ना? मग तो सर्वांनी का वाटून घेऊ नये?